सीट काढून बसवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो, घालवला तरी परत येतो: दोष कुठे शोधायचा

सीट धुवायला काढलेली असते, नाहीतर कव्हर शिवायला. परत बसवली, चारही बोल्ट आवळले, चावी फिरवली, की मीटरमध्ये तो बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यातला गोल फुगा उजळतो आणि विझायचं नाव घेत नाही. मग कोणीतरी स्कॅनर, म्हणजे गाडीतला दोष वाचायचं आणि पुसायचं यंत्र, लावून तो घालवून देतं. चार दिवस बरे जातात आणि एका सकाळी दिवा परत हजर. जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. दिवाळीच्या आधीची साफसफाई आणि लग्नसराईनंतरची धुलाई, या दोन हंगामांत हीच तक्रार घेऊन गाड्या येतात. बहुतेकांचा दिवा आधी एकदा-दोनदा कुठेतरी घालवून झालेला असतो.

आधी दिव्याचं बोलणं समजून घ्या. चावी ऑन केली की हा दिवा लागायलाच हवा. साधारण सहा सेकंद मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, स्वतःची तपासणी करतं आणि सगळं ठीक असलं तर दिवा विझतो. तो विझला नाही, चालता चालता लागला किंवा लुकलुकत राहिला, तर मॉड्यूलला कुठेतरी दोष सापडलेला आहे. अशा वेळी धडक झाली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री धरता येत नाही. सीटबेल्टला आवळून धरणारा प्रीटेन्शनरही याच यंत्रणेतला असतो, म्हणजे बेल्टचं कामही अर्धंच होऊ शकतं. गाडी व्यवस्थित पळते, ॲव्हरेज तेच असतं, आवाज काही येत नाही, म्हणून लोक सहा-सहा महिने तसेच फिरतात. धुळ्याकडे जाणाऱ्या हायवेवर ट्रक-कंटेनरच्या मधून बायकापोरांना घेऊन जाताना हा दिवा लागलेला असतो, हे मला बघवत नाही. त्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

सीटचा आणि एअरबॅगचा काय संबंध, असं पुष्कळ जण विचारतात. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटचीही झाली. त्या दोन स्टीअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये असतात. पण पुष्कळ गाड्यांत साइड एअरबॅगही असते आणि ती सीटच्या पाठीच्या दाराकडच्या कडेत शिवलेली असते. तिथे छोटी चिठ्ठी किंवा छापलेलं ‘एअरबॅग’ दिसेल. काही गाड्यांत बेल्टच्या बकलमध्येही प्रीटेन्शनर असतो. या सगळ्याच्या वायरी सीटखालून जातात आणि त्यांचा कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, पिवळा असतो. सीटखाली पिवळा कपलर दिसला की तो एअरबॅगच्या यंत्रणेचा समजायचा. त्याच्याशेजारी बकलच्या स्विचचा आणि शेजारच्या सीटखाली कोणी बसलंय का ते ओळखणाऱ्या सेन्सरचा वेगळा कपलर असू शकतो.

आता चोपडा गावच्या एका गाडीची गोष्ट सांगतो, कारण हा दोष परत परत का येतो ते तीत सगळं आलंय.

डिसेंबरमधली भरीत पार्टी. शेतात काड्यांवर वांगी भाजून, बडगीत कुटून झालेलं भरीत मोठ्या पातेल्यात भरून शेजारच्या सीटवर ठेवलं. गतिरोधकावर पातेलं कलंडलं आणि तेल दोन्ही सीटांच्या मध्ये उतरलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही सीटा काढून धुवायला दिल्या. वॉशिंग सेंटरवर रॅम्प मोकळा करायचा होता, म्हणून तिथल्या पोराने केळीचं रिकामं क्रेट आत ठेवलं, त्यावर बसून गाडी स्टार्ट केली आणि दहा फूट पुढे घेतली. दोष तिथेच नोंदला गेला. पिवळे कपलर सुटलेले असताना चावी ऑन झाली, मॉड्यूलने पाहिलं की साइड एअरबॅगची लाइन तुटलेली आहे, आणि त्याने त्या दोषाचा कोड साठवला. पुढे सीट कितीही नीट बसवली तरी बऱ्याच गाड्यांत तो कोड पुसल्याशिवाय दिवा विझत नाही. काही गाड्यांत दोष गेला की दिवा आपोआप विझतो, कोड फक्त जुनी नोंद म्हणून राहतो.

इथवर साधा मामला. कोड पुसला की संपायला हवं होतं. पण या गाडीचा दिवा दोनदा पुसून दोनदा परत आला होता. गाडीचे मालक, आप्पा, माझ्याकडे आले तेव्हा वैतागलेले होते. मी दोष काढायला बसलो, तर सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनीच बोलता बोलता सांगितली: “पोऱ्या गाडी लई जास ना भाऊ, तव्हयच तो दिवा लागस.”

मुलगा गाडी नेतो तेव्हाच दिवा लागतो. आप्पा बुटके, स्टीअरिंगला चिकटून बसणारे. मुलगा सहा फुटांच्या आसपास, सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवणारा. मी बॅटरी काढून सीट पूर्ण मागे नेली आणि मागच्या दारातून टॉर्च मारून खाली पाहिलं. पिवळ्या कपलरची वायरजोडी तुणतुण्याच्या तारेसारखी ताणलेली. सीटच्या फ्रेमला एक छोटं भोक असतं, त्यात वायरिंगची प्लॅस्टिकची खुंटी दाबून बसवलेली असते, म्हणजे सीट सरकली तरी वायरीला पुरेसा झोल राहतो. इथे ते भोक रिकामं होतं. खुंटी सीट काढताना तुटली आणि बसवणाऱ्याने वायरिंग, सीट ज्यावर सरकते त्या रेलच्या आडव्या पट्टीखालून घेतलं. सीट पुढे असली की सगळं ठीक, मागे गेली की कपलर केसभर ओढला जाणार. वायरिंग मूळ वाटेने घेतलं, नवी खुंटी बसवली, कपलर शेवटपर्यंत दाबला, कोड पुसला. मुलाला बोलावून सीट दहा वेळा पुढे-मागे करायला लावली. दिवा सहा सेकंदांनी विझला आणि विझलेलाच राहिला.

‘केसभर’ ओढल्याने एवढं कसं होतं, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा रेझिस्टन्स फार कमी असतो, दोन-तीन ओहमच्या आसपास. मॉड्यूल अगदी बारीक करंट सोडून तो सतत मोजत असतं. गाडीच्या छतातल्या छोट्या दिव्याच्या कपलरमध्ये एखादा ओहम वाढला तर दिवा जरा मंद होईल, तुमच्या लक्षातही येणार नाही. इथे तेवढ्यानेच मॉड्यूल दोष धरतं, कारण धडकेत त्याला पाव सेकंदही मिळत नाही. पुढची एअरबॅग सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजावं इतक्या लवकर फुगावी लागते, आणि साइडची त्याहून लवकर, कारण दार आणि माणूस यांच्यात अंतरच किती असतं!

दुसरी गोष्ट कपलरच्या आतली. पिवळा कपलर सुटला की त्यातली एक छोटी पत्र्याची पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने बॅग चुकून उडू नये. कपलर पूर्ण आत गेला की ती पट्टी उचलली जाते. कपलर अर्धा बसला तर पिना टेकतात पण पट्टी उचलली जात नाही, आणि स्कॅनरवर ‘शॉर्ट’ किंवा ‘रेझिस्टन्स कमी’ असा कोड दिसतो. मेकॅनिक मग शॉर्ट झालेली वायर शोधत गाडीभर फिरतो. म्हणून कोड वाचताना शब्दांकडे लक्ष द्या. ‘ओपन’ किंवा ‘रेझिस्टन्स जास्त’ असेल तर कपलर सुटलेला, ओढलेला किंवा गंजलेला. ‘शॉर्ट’ किंवा ‘कमी’ असेल तर आधी कपलर पूर्ण बसलाय का ते बघा, मग रेलखाली वायर चेपली आहे का ते. बहुतेक पिवळ्या कपलरना दुसरं एक छोटं रंगीत लॉक असतं. पहिला ‘टक’ आवाज आला म्हणून लोक थांबतात आणि हे दुसरं लॉक उघडंच राहतं.

घरी करून बघायचं असेल तर एवढा क्रम मोडू नका. चावी बंद करून काढून घ्या. बॅटरीची मायनस वायर १० नंबरच्या पान्याने काढून बाजूला ठेवा. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतात, धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून त्यांत वीज साठवलेली असते. ती उतरायला वेळ द्यायचा. कंपन्या मॅन्युअलमध्ये दीड मिनिट, तीन मिनिटं असे वेगवेगळे आकडे देतात. मी सरळ दहा मिनिटं थांबतो आणि तेवढ्यात चहा घेतो. मग गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून पिवळ्या कपलरकडे जायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की सीटकव्हरवरून उठताना दाराला चटका बसतो, तो चटका इथे नको.

सीटखालच्या वायरिंगवर टॉर्च मारा. पाण्याची बाटली, छत्री, पोरांचं खेळणं, मागे बसणाऱ्याच्या चपला, यांतलं काहीही कपलरवर आपटत असतं. उंदराने कुरतडलंय का बघा. कपाशी किंवा धान्याची पोती ठेवलेल्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर हे हमखास तपासा. कपलर सोडून पिना बघा: वाकलेली, आत सरकलेली, हिरवट पडलेली. स्वच्छ करायचा तर कॉन्टॅक्ट क्लीनर, तोही हलकासा, आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर पिनांवर घासू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि गंज लवकर येतो. आणि मल्टिमीटरची टोकं एअरबॅगच्या बाजूच्या पिनांना कधीही लावू नका. मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतः करंट सोडतो. या यंत्रणेचं मोजमाप मॉड्यूलला करू द्यायचं आणि स्कॅनरवर वाचायचं.

सीट बाहेर काढलीच असेल तर एअरबॅगची कड अंगाकडे धरून उचलू नका आणि त्या कडेवर आडवी टाकू नका. त्या भागावर पाण्याचा जोरदार फवारा नको, वाळवायला हीटगन नको. बसवताना आधी वायरिंग, मग बोल्ट. चारही बोल्ट आधी हाताने धरवायचे, नंतर गोटी (सॉकेट पाना) लावून मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळायचे. एक बोल्ट तिरका धरला तर रेल पिळते, सीट एका बाजूलाच लॉक होते, आणि धडकेत सीटच सुटली तर एअरबॅगचा उपयोग काय? सीट पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरकवून वायरी कुठे ओढल्या किंवा चेपल्या जात नाहीत ना ते डोळ्यांनी बघा. हे सगळं झाल्यावरच बॅटरी जोडा. मधल्या काळात एकदाही चावी ऑन करायची नाही. गाडी हलवायची असेल तर ढकला.

आता कोड पुसणं. बॅटरी रात्रभर काढून ठेवली की दिवा जातो, असं सगळीकडे सांगतात. एअरबॅगचा कोड वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतो, त्यामुळे बहुतेक गाड्यांत असा तो जात नाही. फोनला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त एल्म ३२७ ॲडॅप्टर आणि फुकटचं ॲप हे मुख्यतः इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड बहुधा ‘बी’ने सुरू होतात आणि त्यासाठी एसआरएस, म्हणजे एअरबॅगच्याच, मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो. ॲपने ‘दोष नाही’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याने त्या मॉड्यूलला विचारलेलंच नसतं. चांगला स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि पुसण्याआधी कोडचा फोटो काढून घ्या. माझ्या हाताला येणाऱ्या निम्म्या गाड्यांत हाच फोटो नसतो. आधीच्याने काय पुसलं हे कळलं असतं तर माझा तास आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचले असते. कोडपुढे ‘ॲक्टिव्ह’ असेल तर दोष आत्ता हजर आहे आणि पुसून फायदा नाही, लगेच परत येईल. ‘हिस्टरी’ किंवा ‘स्टोअर्ड’ असेल तर पुसा, चावी बंद करा, परत ऑन करून सहा सेकंद मोजा. काही गाड्यांत शेजारच्या सीटखालच्या सेन्सरला, सीट बसवल्यावर, रिकाम्या सीटचं वजन स्कॅनरने परत शिकवावं लागतं. कोड त्या सेन्सरचा असेल तर नुसतं पुसून भागणार नाही.

आणि ज्या गाडीत ना साइड एअरबॅग, ना सीटवर पिवळा कपलर, तिचा दिवा सीट बसवल्यावर लागला तर सीटच्या मागे लागू नका. बॅटरी उतरलेली असेल, किंवा स्टीअरिंगमधली फिरती पट्टी, जिला क्लॉकस्प्रिंग म्हणतात, तिने नेमकी तेव्हाच मान टाकली असेल. दुसऱ्या बाबतीत हॉर्नही अधूनमधून बंद पडतो, तो वाजवून बघा.

एक गोष्ट मला फार खटकते. काही ठिकाणी कपलरमध्ये रेझिस्टर घालून मॉड्यूलला फसवतात, किंवा मीटर उघडून दिव्यावर टेप लावतात. दिवा विझतो, पैसे घेतात, गिऱ्हाईक खूश. त्या सीटवर बसणाऱ्याची एअरबॅग मात्र त्या दिवशीपासून नाही, आणि हे त्याला धडक होईपर्यंत कळत नाही. जुनी गाडी घेत असाल तर चावी ऑन करताना हा दिवा मुळात लागतो का ते बघा. लागतच नसेल तर व्यवहार थांबवा. कव्हरचंही तसंच आहे. जाड रेक्झिनचं पूर्ण झाकणारं कव्हर साइड एअरबॅगच्या शिवणीवर आलं तर बॅग उघडायला वाट राहत नाही, आणि यासाठी कुठलाही दिवा लागत नाही. कव्हर शिवणाऱ्याला ती कड मोकळी ठेवायला किंवा उसवणारी शिवण घालायला सांगा. त्याला ते जमत नसेल तर कव्हर नको.

चोपड्याची गाडी जुलैत परत आली. पावसाला सुरुवात होऊन तीन आठवडे झाले होते. या वेळी दिवा मुलाचा की बापाचा असा भेद करत नव्हता. सकाळी लागायचा, दुपारी ऊन पडलं की काही वेळा विझायचा. स्कॅनरवर ड्रायव्हर साइड एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त. माझी खुंटी जागच्या जागी होती. कपलर सोडला तर दोन्ही पिनांवर हिरवी पूड. गालिचा वरून कोरडा होता, पण खाली हात घातला तर आतला फोम ओलाचिंब, आणि बोटांना चिकटपणा.

आप्पांना विचारलं, सीटमागे काय ठेवता? केळीला ठिबकमधून सोडायचं कॅल्शियम नायट्रेट. जळगावहून विदगावच्या पुलावरून घरी नेताना पिशवी कायम ड्रायव्हरच्या सीटमागे, खाली. एकदा फाटली होती, झाडून काढली. हे खत हवेतला ओलावा ओढून स्वतःच पाणी होतं. उन्हाळाभर गालिच्याखाली कोरडे दाणे पडून होते, पावसाळी हवा लागली तसे विरघळले आणि खारं पाणी वायरिंगपर्यंत पोचलं. जानेवारीत मी गालिचा उचलून पाहिला असता तर ते दाणे तेव्हाच दिसले असते. आता सीट निघाली की मी गालिचा उचलतोच. ठिबकच्या ॲसिड ट्रीटमेंटचे कॅनही लोक असेच गाडीत नेतात, त्यांच्या वाफेनेही कपलरच्या पिना जातात.

या वेळी क्लीनरवर भागणार नव्हतं. गंज पिनेतून वायरीत शिरला होता. पिवळी वायर कापून, पिळून, टेप मारून जोडायची नसते. त्या टाक्याचा रेझिस्टन्स आज ठीक असेल, वर्षाने नसेल. कंपनीचा कपलरसकट वायरिंगचा तुकडा मागवला, यायला पाच दिवस लागले. तोवर आप्पांना गाडी घरीच उभी ठेवायला सांगितली आणि त्यांनी ठेवली. गालिचा काढून साध्या पाण्याने दोनदा धुतला, दोन दिवस वाळवला, खालचा पत्रा पुसून कोरडा केला. सीटच्या बाजूच्या पिना सुदैवाने नुसत्या काळवंडल्या होत्या, त्या क्लीनरने निघाल्या. नवा तुकडा बसवला, दोन्ही लॉक लावली, कोड पुसला. तेव्हापासून दोन पावसाळे झाले. खताच्या पिशव्या आता डिकीत, खाली ताडपत्री टाकून जातात. परवा सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा आप्पांनी स्वतःच चावी ऑन केली आणि मीटरवर बोट ठेवून मोठ्याने सहापर्यंत मोजलं.